उसने श्वास

"या माणसाला पूर्णविराम नावाची वस्तू कुणी दाखवलीच नव्हती का? वाक्य आहे की मारुतीचं शेपूट. गुंडाळतेय तरी संपत नाही."

वन्सं हे कुणाला ऐकवायला बोलल्या नव्हत्या. पण त्यांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर मायक्रोफोन होता, आणि त्याचं दुसरं टोक काचेपलीकडे बसलेल्या त्यांच्या भावजयीच्या दोन्ही कानांत होतं. शेजारी बसून कुणी कानाशी कुजबुजावं तशी ती कुरकुर तिच्या डोक्यात उतरली.

भावजयीनं बोलायचं बटण दाबलं. "लेखक वारलेत वन्सं. आता त्यांना शिकवणार कोण?"

"वारणारच. असली वाक्यं लिहून दम कुठून उरणार?"

भावजय हसली, पण समोरच्या पडद्यावरून तिची नजर हलली नाही. पुस्तकाची वाक्यं लांब होती हे खरं. पण वन्संनी याहून लांब, याहून किचकट वाक्यं लोणी कापावं तशी वाचली होती. तक्रार पुस्तकाची नव्हती, हे काचेच्या अलीकडे कळत होतं. पलीकडे कळत होतं की नाही, हे विचारायची हिंमत अजून कुणी केली नव्हती.

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते एक वाचनालय होतं. त्याच्या तळघरात दोन खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांत पुस्तकं बोलकी होत. आतल्या खोलीत वन्सं वाचायच्या. बाहेरच्या खोलीत भावजय तो आवाज यंत्रात उतरवून घ्यायची आणि मग साफ करायची. अडखळलेला शब्द काढ, पान उलटल्याची खसखस काढ, पोटातली गुरगुर काढ. पूर्वी फितीवर काम चालायचं तेव्हा तिच्या हातात खरोखरची कात्री असे. फीत गेली, कात्री गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. घरात नवऱ्यापासून तळघरात साहेबापर्यंत सगळे तिला कात्रीच म्हणत. नाव वन्संनी ठेवलेलं. "जिभेला धार नाही, निदान नावाला तरी असू दे," असं म्हणून.

आतल्या खोलीच्या भिंतींना गालिच्यांचे तुकडे ठोकलेले होते, एकाचा रंग दुसऱ्याला ओळख देत नव्हता. खुर्ची दिसायला भिकार होती, पण ती करकरत नसे, म्हणून तिला कुणी हलवू देत नसे. टेबलावर बशीत आंबट सफरचंदाच्या फोडी असायच्या, कारण वाचून वाचून तोंड सुकलं की जीभ टाळ्याला चिकटून टक् टक् करते, आणि एक फोड चावली की ती गप्प बसते. घड्याळ त्या खोलीत कधी नव्हतंच. तिथं इतकी शांतता की नव्या माणसाला दार लावल्यावर पहिल्यांदा ऐकू यायचं ते स्वतःचं हृदय. मग तो घाबरायचा, हृदय आणखी पळायचं, त्याच्या मागं जीभ पळायची, आणि पहिलं पान संपेपर्यंत आपण काय वाचलं हे त्याला धड सांगता यायचं नाही. वन्सं त्यांना सांगत, "छातीतला गलका बसेपर्यंत गप्प बसा. खाली आरडाओरडा चालू असताना वरच्या मजल्यावर कुणाला विचार करता येतो का?"

कात्रीची शाळा अर्धवट सुटलेली. तिनं जे काही शिकून घेतलं ते वन्संच्या आवाजात. मालिश आणि व्यायामाचे उपचार शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यांसाठी वन्संनी शरीरशास्त्राचं एक जाड पुस्तक वाचलं होतं. ते साफ करता करता कात्रीला कळलं होतं की श्वास आत घेताना हृदय जरा घाई करतं आणि सोडताना सावकाश होतं. नाकानं श्वास घेतला की मेंदूतही त्या तालावर लाटा उठतात, आठवणी सांभाळणाऱ्या कोपऱ्यापर्यंत. आणि माणूस बोलायच्या आधी जो श्वास घेतो तो पुढच्या वाक्याच्या मापाचा असतो. लांब वाक्य यायचं असलं की लांब, आखूड असलं की आखूड. म्हणजे तोंड उघडायच्या आत डोक्यानं वाक्याचा शेवट पाहून ठेवलेला असतो, आणि बाजाराला निघताना पिशवी घ्यावी तशी तेवढ्या मापाची हवा छातीत भरून घेतलेली असते.

हे पुस्तकात ऐकायच्या आधीपासून कात्री रोज डोळ्यांनी बघत होती. पडद्यावर शब्दांचे डोंगर दिसत आणि प्रत्येक डोंगराआधी श्वासाचा एक लहानसा झुपका, कापसाचा दिसावा तसा. वन्संचा झुपका बघून पुढचं वाक्य किती लांब ते ती ऐकायच्या आधीच सांगू शकत असे.

साहेब नवीन आला तेव्हा त्याला हे झुपके डोळ्यांत खुपले. हौसेनं त्यानं एक यंत्रणा आणली. बटण दाबलं की सगळे श्वास गायब. पुस्तक कसं चकाचक. महिन्याभरात ऐकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. एक म्हणाला, पुस्तक ऐकताना मलाच धाप लागते. एक बाई म्हणाली, तीन वेळा ऐकलं, एक अक्षर लक्षात राहत नाही, माझं वय झालं का हो? साहेबाला उमजेना. वन्संनी त्याला चहा पाजून समजावलं, "अरे, ऐकणारा आमच्या श्वासावर श्वास घेतो. आम्ही थांबलो की तो थांबतो, आणि थांबला की आत्ता ऐकलेलं नीट घडी करून ठेवतो. तू कपाटच काढून नेलंस, आता कपडे कुठे ठेवायचे त्यानं?" साहेबानं यंत्रणा गुंडाळून ठेवली. तेव्हापासून कात्री सगळं कापायची, श्वास कापायची नाही.

आणि आता गेले काही महिने तेच झुपके लहान होत चालले होते.

आधी तिला वाटलं, यंत्राचं काहीतरी बिनसलंय. मग वाटलं, मायक्रोफोन लांब ठेवला असेल. मग एक दिवस त्या कादंबरीतलं वाक्य आलं. कादंबरी दीपगृहाच्या एका राखणदाराची आणि त्याच्या मुलीची होती. ज्या रात्री वारा पडला आणि ज्या रात्री दिवा विझला त्या दोन्ही रात्री एकच होत्या असं म्हातारा येईल त्याला सांगत असे, पण ते खरं मानायला त्याची मुलगी कधीही तयार झाली नाही. असलं वाक्य म्हणजे वन्संची मेजवानी. पहिल्या शब्दापासून शेवटचा 'नाही' त्यांच्या आवाजात बसलेला असायचा, म्हातारा बोलत असतानाच तो खोटं बोलतोय याचा वास यायचा. त्या दिवशी त्यांनी चिमणीएवढा श्वास घेतला आणि वारा पडला इथपर्यंत आल्या. पुन्हा चिमणीएवढा, दिवा विझला. पुन्हा, पुन्हा. हमालानं एकेक पोतं उचलून पलीकडे ठेवावं तसे शब्द ठेवत शेवटी 'नाही'ला धडकल्या, आणि तो 'नाही' त्यांनाही नवाच होता.

शब्द एकही चुकला नव्हता. म्हणूनच बोलता येईना. चूक असती तर कात्रीनं बटण दाबून सांगितलं असतं, वन्सं, पुन्हा घेऊ. इथं काय पुन्हा घ्यायचं?

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि जगातल्या निम्म्या दुखण्यांवर भिंग हा उपाय आहे अशी त्याची श्रद्धा होती.

"अहो, वन्संचं वाचन बदललंय."

"नंबर वाढला असेल," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला दुकानात नेऊन नवा चष्मा करून आणला. तो जमला नाही म्हणून आणखी एक. वन्संच्या टेबलावर चष्म्यांचं दुकान लागलं. अक्षरं आरशासारखी लख्ख झाली. श्वास चिमणीचेच राहिले.

वन्सं त्यांच्याकडेच राहत, मागच्या बाजूच्या उजेडाच्या खोलीत. नणंद-भावजयीचं जे चालायचं ते सगळं रीतसर चालायचं. वन्सं टोमणे मारत आणि कात्री ते खाली मान घालून, मनात दाद देत ऐके. वन्संचा टोमणा ऐकण्यासारखाच असायचा. मटार सोलताना सुरुवात व्हायची हवापाण्यापासून, तिथून गाडी शेजारणीच्या सुनेवर, तिथून त्या सुनेच्या आईनं तिला काय शिकवलं नाही त्यावर, आणि सगळ्यांना वाटतंय की बोलणं त्या घराचं चाललंय, तोवर शेवटच्या शब्दाला टोमणा वळून बरोब्बर कात्रीच्या पातेल्यात पडायचा. तिला कळेपर्यंत वन्संनी मटारही संपवलेले असायचे.

आता वन्सं म्हणायच्या, "मीठ कमी आहे." बस्स. एवढंच.

वन्संचे टोमणे आखूड झाले, याचा खरं तर कुठल्याही भावजयीनं पेढे वाटून आनंद करावा. कात्रीला मात्र रात्रभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. एकदा तिनं मुद्दाम भाजी करपवली. वन्संनी ताट बघितलं, तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि मग तो तसाच सोडून दिला. "करपलीय," त्या म्हणाल्या, आणि निमूट जेवल्या. नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं त्याच्याकडे. मग दोघांनी पाण्याच्या भांड्याकडे बघितलं.

"दम लागतो तिला," नवरा झोपताना म्हणाला. "छातीचं काहीतरी आहे. तू म्हणतेस ना, श्वास पुरत नाही. दाखवून घेऊ."

कात्रीनं म्हटलं होतं श्वास आखूड आहे. पुरत नाही असं म्हटलं नव्हतं. पण छातीचं म्हटल्यावर तिलाही बरं वाटलं. छाती सांगता येते. चारचौघांत बोलता येतं, औषध मिळतं, लोक भेटायला येतात.

तपासण्या झाल्या. फुंकायच्या झाल्या, चालायच्या झाल्या, वायरी लावून आडवं पडायच्या झाल्या. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिले आणि प्रसन्न चेहऱ्यानं सांगितलं, फुफ्फुसं उत्तम, हृदय तर तरुण मुलीचं. ठोके कसे घड्याळासारखे.

नवऱ्याचा चेहरा पडला. "नीट बघितलंत ना, डॉक्टर? थोडंसं तरी काही असेल. एखादी झडप वगैरे?"

डॉक्टरांनी चष्मा खाली घेऊन त्याच्याकडे पाहिलं. बहिणीच्या हृदयात खोट मागणारा भाऊ त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन वन्सं बाकावर बसल्या आणि चपलेचा पट्टा ओढता ओढता म्हणाल्या, "याला माझी झडप हवी होती." नवरा हसला. कात्रीही हसली. पण इतक्या चांगल्या रिपोर्टनंतर त्या घरात जेवणं जशी झाली तशी वाईट रिपोर्टनंतरही होत नसतील.

त्यानंतर कात्रीनं ते काम सुरू केलं.

सुरुवात एका श्वासापासून झाली. तिच्याकडे वन्संची सगळी जुनी पुस्तकं होती. त्यात बोटींवरच्या प्रवासाचं एक होतं. तेव्हा वन्सं रोज सकाळी पोहायला जात, आणि त्या पुस्तकात त्यांचे श्वास असे की ऐकतानाच आपल्या फासळ्या रुंदावल्यासारख्या वाटाव्यात. कात्रीनं त्यातला एक लांब श्वास उचलला आणि दीपगृहाच्या त्या वाक्याआधी बसवला. जुन्या कोटाचं बटण नव्या कोटाला लावावं तसा. मग मधले चिमणीचे श्वास काढले, फटी बुजवल्या, शब्द एकमेकांजवळ सरकवले, यंत्रात सूर किंचित वर-खाली करायची सोय होती तीही वापरली. ऐकून बघितलं, तर वन्सं परत आलेल्या. म्हातारा बोलतोय, आणि पहिल्या शब्दापासून वास येतोय की गडी खोटं बोलतोय.

तिनं ते वाक्य पुन्हा एकदा लावून ऐकलं. तिला आनंद झाला होता, आणि कुणी बघितलं तर काय म्हणेल अशी धडधडही होत होती. वाचनाला हात लावायचा नाही, हा तळघराचा नियम. चुकीची जागा कापा, पण वाचणाऱ्यानं जे वाचलं त्याचा अर्थ तुम्ही लावू नका. तिनं तो मोडला होता. आणि एकदा मोडल्यावर माणूस दुसऱ्यांदा कमी घाबरतो. दुसरं वाक्य झालं, पान झालं, प्रकरण झालं. दिवसा वन्सं पोती उचलून ठेवत, संध्याकाळी कात्री त्यांचं वाक्य करी.

प्रकरण तयार झालं की ते आधी कानसेनकडे जायचं. कानसेन हे टोपणनाव, अर्थात. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. उभा जन्म त्यांनी वाद्यं सुरात लावण्यात घालवला होता, आणि आता वाचनालयाचं प्रत्येक पुस्तक बाहेर पडायच्या आधी ते ऐकून द्यायचे. एरवी ते फोनवर सांगत. या वेळी काठी टेकत स्वतः तळघरात उतरले. वन्सं त्या दिवशी घरी होत्या. ते विचारूनच आले असावेत.

"कात्री, प्रकरण ऐकलं."

"कसं झालंय, काका?"

"झकास. फारच झकास." त्यांनी खुर्ची चाचपली, बसले, काठी गुडघ्यांत धरली. "ते बोटींचं पुस्तक आठवतं का गं तुला? बाईंना तेव्हा सर्दी झाली होती. उजवी नाकपुडी चोंदलेली. श्वास घेताना बारीकशी शीळ यायची."

"असेल."

"होती. मला ती शीळ फार आवडायची. या प्रकरणातही आहे."

कात्रीचा स्वतःचा श्वास अडकला होता, आणि तो अडकलेला समोरच्या माणसाला ऐकू येतोय हे तिला ठाऊक होतं.

"सर्दी इतकी वर्षं टिकत नाही," कानसेन म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी तक्रार घेऊन आलो नाही. ऐकून सुख झालं. किती दिवसांनी असं ऐकलं. म्हणून तर भीती वाटली."

"काका, साहेबांना सांगू नका."

"काय सांगू? मला काय कळलंय ते मला तरी कुठे कळलंय?" ते जरा थांबले. "मी आयुष्यभर त्या बाईच्या श्वासावर श्वास घेऊन जग बघितलं. ती श्वास घेई, मी घेई, आणि ती सांगेल ते डोक्यात आपोआप जागेवर जाऊन बसे. गेल्या पुस्तकापासून बसेना. मला वाटलं, आपलंच डोकं चाललं. बरेच दिवस कुणाला बोललो नाही."

"चहा घेणार?"

"नको." ते उठले. दाराशी जाऊन पाठमोरेच म्हणाले, "तिला बरं नाही का?"

"तपासण्या झाल्या काका. हृदय अगदी तरुण मुलीचं आहे."

"असं," कानसेन म्हणाले. "छान." आणि पायऱ्या चढून गेले. त्यांनाही नेमकं विचारवलं नव्हतं, आणि तिनंही नेमकं सांगितलं नव्हतं. घरात नवऱ्याबरोबर जे चालतं तेच.

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. चष्मा लावला, पुस्तक उघडलं, पान सापडेना म्हणून मागेपुढे उलटलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"कात्रे, मागचं प्रकरण ऐकव जरा. गोष्ट कुठवर आली ते एकदा कानाखालून घालते."

कात्रीचा हात बटणावर थांबला. वन्सं स्वतःचं वाचन कधीच ऐकत नसत. आपलं उष्टं आपणच कोण खातं, असं म्हणायच्या. "कशाला वन्सं? मी सांगते ना गोष्ट."

"तू नको सांगू. तुला गोष्ट सांगता येत नाही, तू शेवट आधी सांगतेस. लाव."

कात्रीनं लावलं. दुसरं काय करणार? वन्संनी हेडफोन कानांवर चढवले, डोळे मिटले. काचेतून कात्री बघत राहिली. पहिला लांब श्वास आला तशी वन्संची छाती त्याच्याबरोबर वर गेली. वाक्य चाललं, वन्संच्या भुवया चालल्या. एका जागी त्या हसल्या, अगदी जिथं हसायचं तिथंच. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, लांबच्या प्रवासात खिडकीशी जागा मिळालेल्या माणसाचा होतो तसा. कात्रीला वाटलं, हे प्रकरण संपूच नये.

संपलं. वन्संनी डोळे उघडले.

"म्हणजे म्हातारा खोटं बोलत होता."

"हो."

"आणि पोरीला ते पहिल्यापासून ठाऊक होतं."

"हो, वन्सं."

"हे मी वाचलं?"

"तुम्हीच."

वन्संनी मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. बोटानं त्याच्या कडेवरून एक रेघ ओढली. "आता मी वाचलं तेव्हाचं लाव. धुतलेलं नको. जसंच्या तसं."

"ते पुसलं असेल."

"तू आजवर काही पुसलेलं नाहीस. अजून फितींचे तुकडे डब्यात भरून ठेवलेत घरी. लाव."

कात्रीनं लावलं. या वेळी वन्संनी डोळे मिटले नाहीत. चिमणीचा श्वास, चार शब्द. चिमणीचा श्वास, तीन शब्द. त्यांची छाती त्याच्यामागं जाऊ पाहत होती, अडखळत होती, पुन्हा जात होती. पानभर ऐकून त्यांनी हेडफोन काढले आणि टेबलावर अलगद ठेवले, आवाज होणार नाही असं.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "काचेतून नको बोलूस."

कात्री आत गेली. दार लावलं. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून सफरचंदाची बशी सरकवून टेबलाच्या कडेवर टेकली. खोलीची ती शांतता दोघींच्या अंगावर आली.

"ते आधीचे श्वास कुणाचे?"

"तुमचेच."

"कधीचे?"

"बोटींच्या पुस्तकातले."

"मला विचारलंस?"

"नाही."

"चोरलेस."

"उसने घेतले, वन्सं."

"हं. परत कधी करणार होतीस?" वन्संच्या ओठांचा कोपरा हलला, पण डोळे हलले नाहीत. "दोन चष्मे झाले. छाती झाली. हृदय झालं, तरुण पोरीचं निघालं. माझा भाऊ डॉक्टरांच्या पाया पडायचा बाकी होता, झडप शोधा म्हणून. साहेब म्हणतो, पुढच्या वर्षी मुलांची पुस्तकं देऊ तुम्हाला, हलकी हलकी. कानसेन परवा फोनवर नुसता हवेबद्दल बोलला. सगळे मला बघतात आणि मी बघितलं की भांड्यांकडे बघतात." त्यांना मध्येच थांबावं लागलं. कुठे होतो ते त्या शोधत होत्या, आणि कात्रीला ते शोधणं दिसत होतं. तिनं शब्द पुरवला नाही. बऱ्याच वेळानं वन्सं म्हणाल्या, "तू रोज माझ्या डोक्यात कान घालून बसतेस. इतकी वर्षं बसलीस. तुला माहीत आहे."

कात्रीचं हृदय इतकं वाजत होतं की मायक्रोफोन चालू असता तर पडद्यावर त्याच्या टेकड्या उठल्या असत्या. थकवा आहे, असं म्हणता आलं असतं. पुस्तकच वाईट आहे, लेखकाला पूर्णविराम ठाऊक नव्हता, हेही. तिच्या हातात इतकी वर्षं एकच काम होतं, कुणाचं चुकलं ते कुणाला कळू न देणं, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वन्सं तिच्या तोंडाकडे बघत होत्या. आपण ज्याच्या हाती पुस्तक दिलं तो आता वाचायला लागेल, अशा धीरानं.

"माझी चूक सांग मला," वन्सं म्हणाल्या. "कापू नकोस."

कात्रीनं त्यांचा हात हातात घेतला, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "वन्सं, छाती ठणठणीत आहे तुमची, आणि डोळेही. तुम्ही वाचता ते तुम्हालाच कळेनासं झालंय. वाक्य सुरू करताना त्याचा शेवट तुमच्या डोक्याला दिसत नाही, आणि हे वाढत चाललंय. आपल्याला डोकं दाखवायला हवं."